डीपीएफसाठी सव्वा लाख मोजण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०२० ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही, दीड लिटरचं इंजिन, ७८ हजार किलोमीटर. रोज कोथरूड ते हिंजवडी आणि परत. दोन महिन्यांपासून डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा येत-जात होता. आता इंजिनचाही दिवा लागलाय, पिकअप मेलाय आणि गाडी अडीच हजारांच्या वर आरपीएम घेत नाही. सर्व्हिस सेंटरने नवा डीपीएफ सांगितला, एक लाख अठरा हजार. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, पंचवीस हजारात आतली जाळी काढतो, सॉफ्टवेअर मारतो, पुन्हा कटकट नाही. यातून स्वस्तात वाट कशी काढायची?

आज तरी यातलं काहीच करू नका. मी पिंपरी-चिंचवडमध्ये बावीस वर्षं डिझेलचंच काम करतोय आणि २०२० नंतर या तक्रारीच्या गाड्या आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी येतात. त्यातल्या फार थोड्यांना खरोखर नवा फिल्टर लागला. ७८ हजारांवर डीपीएफ सहसा संपत नाही, तो भरतो. आणि तो भरण्यामागे दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं किंवा गाडी चालवण्याची पद्धत नडत असते. ते कारण तसंच ठेवून नवा फिल्टर बसवलात तर वर्ष-दीड वर्षात तोही भरेल, आणि तेव्हा एक लाख अठरा हजार दुसऱ्यांदा मोजायची वेळ येईल.

आधी फिल्टरच्या आत काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे गॅरेजमध्ये कोण खरं बोलतंय ते तुम्हालाच कळेल. पत्र्याच्या डब्यात सिरॅमिकची मोहोळासारखी जाळी असते. तिच्या नळ्या एकाआड एक टोकांना बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं. वायू निघून जातो, काजळी भिंतीवर अडकते. बीएस-४ च्या डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून ती साडेचार मिलिग्रॅमवर आली, शिवाय कणांच्या संख्येवरही मर्यादा आली. फिल्टरशिवाय हे गणित जमत नाही, म्हणून तो आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत आला. युरोपात प्यूजोने २००० सालीच ६०७ या गाडीत तो दिला होता, म्हणजे तंत्र काही नवं नाही.

आता यातली खरी मेख. फिल्टरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी साठतात, काजळी आणि राख. काजळी म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, कार्बन. ती जाळता येते. गाडी ती स्वतःच जाळते, त्यालाच रीजनरेशन, थोडक्यात रीजन म्हणतात. हायवेवर धूर आपसूक २५० ते ४०० अंशांपर्यंत गरम असतो आणि फिल्टरच्या आधीच्या कॅटमध्ये (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) तयार होणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे काजळी हळूहळू जळत राहते. शहरात तेवढी उष्णता येत नाही. मग काजळी ठरावीक वजनाच्या वर गेली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टरमधून जादा डिझेल सोडतो, ते कॅटमध्ये जळतं, फिल्टर ६०० अंशांच्या आसपास जातो आणि काजळी जळून जाते. याला साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गाडी चालत राहावी लागते. राख मात्र जळत नाही. ती येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांच्या क्षारांतून. चुलीत लाकडं जळून जातात, पण राख कोणीतरी हाताने ओढून काढावी लागते, तसंच हे आहे. काजळी भरली असेल तर ती जाळायची असते. राख भरली असेल तर फिल्टर उतरवून धुवावा लागतो. दिवा दोन्हींसाठी एकच लागतो आणि लोकांचे पैसे इथेच वाया जातात.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज काजळीचा आहे. कोथरूड ते हिंजवडी पंधरा-एक किलोमीटर, त्यातला निम्मा वेळ चांदणी चौक आणि वाकडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन तापून रीजन सुरू होतं तोवर तुमचं ऑफिसचं पार्किंग येतं आणि तुम्ही चावी फिरवता. अर्धवट राहिलेलं रीजन संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. असं रोज चाललं की काजळी साठतच जाते, आणि दर अर्धवट रीजनमधलं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

म्हणून पहिलं काम घरीच करा. सकाळी इंजिन गार असताना, सपाट जागी, ऑइलची काडी काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालवूच नका. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय रीजनच्या भानगडीत पडायचं नाही. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बोचं बेअरिंग जातं, आणि खूपच वर चढलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम पळू शकतं. ऑइल बदलायचा खर्च पाच-सहा हजार. तो सोडून फोर्स रीजन करणारा, म्हणजे गॅरेजमध्ये मशीनवरून जबरदस्तीने काजळी जाळणारा, मेकॅनिक तुमचे पैसे वाचवत नाही.

दुसरं, सायलेन्सरच्या टोकात बोट घालून बघा, गाडी पूर्ण गार असताना. जाळी धड असेल तर पाइप आतून जवळजवळ स्वच्छ, करडा असतो, बोटाला फारसं काही लागत नाही. बोट काळंकुट्ट झालं तर जाळीला तडा गेलाय आणि काजळी थेट बाहेर पडतेय. तसं असेल तर धुऊन उपयोग नाही, तो फिल्टर बदलावाच लागेल. एवढ्या साध्या तपासणीवर लाखाचा निर्णय पुष्कळदा ठरतो.

मग स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. नुसते कोड वाचून कागद देणारा नको, लाइव्ह डेटा दाखवणारा हवा. पी२४६३ आला तर काजळी जास्त झाली आहे, पी२४२एफ आला तर राख, पी२००२ आला तर फिल्टर नीट गाळत नाही असं ईसीयूला वाटतंय, आणि पी२४५२ ते पी२४५५ यांतला कोणताही आला तर प्रेशर सेन्सरची तक्रार आहे. पण कोड म्हणजे फक्त दारावरची टकटक. दार उघडून आत बघायचं तर आकडे लागतात.

फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा एक छोटा सेन्सर असतो, त्याला दोन रबरी किंवा सिलिकॉनच्या नळ्या जातात. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी त्याने शून्य दाखवायला हवं. बंद इंजिनवरच तो पंधरा-वीस मिलिबार दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, फिल्टर निर्दोष असू शकतो. नळ्या हाताने दाबून बघा. उष्णतेने त्या कडक होतात, टोकाशी चिरतात, कधी आत पाणी आणि काजळीचा चिखल बसतो. सेन्सर गाडीप्रमाणे अडीच ते सहा हजार, नळ्या काहीशे रुपये. मागच्या दिवाळीत चाकणचे एक गृहस्थ नव्या फिल्टरचं कोटेशन खिशात घेऊनच आले होते, आणि निघाली काय तर मागच्या नळीची दोन सेंटिमीटरची चीर. नळी कापून नवी लावली, सेन्सर शून्यावर सेट केला, काम संपलं.

त्यानंतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. याच्याकडे कोणी बघत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. गेल्या पावसाळ्यात आळंदीहून एक गाडी आली. दोन ठिकाणी दोनदा फोर्स रीजन झालं होतं, दर वेळी चार हजार गेले, आणि तीनशे किलोमीटरच्या आत दिवा परत. आम्ही स्कॅनर लावून गाडी देहूरोड-कात्रज बायपासला नेली. कूलंटचं तापमान ६६ वर अडकलं होतं, गाडी जोरात घेतली तरी ७० च्या वर जाईना. मीटरवरचा काटा मात्र शहाण्यासारखा मधोमध, कारण बऱ्याच गाड्यांत तो काटा मोठ्या पट्ट्यात हलतच नाही. थर्मोस्टॅट उघडाच राहिला होता. त्या इंजिनमध्ये कूलंट पंचाहत्तरच्या आसपास गेल्याशिवाय ईसीयू रीजनला हातच लावत नाही, म्हणजे ती गाडी कित्येक महिने स्वतःहून काजळी जाळतच नव्हती. थर्मोस्टॅट, कूलंट आणि मजुरी धरून साडेचार हजारांच्या आसपास झाले. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. तळेगावच्या पुढे फिल्टरच्या तोंडाशी तापमान २४० होतं, ते बघता बघता ५९० वर गेलं. काजळी ३१ ग्रॅमवरून अठरा मिनिटांत चारवर आली. कुठलंही बटन दाबलं नव्हतं, गाडीने स्वतःच केलं. ती माणसं खूश होती, आणि मीही. अजून त्यांचा दिवा लागलेला नाही.

तशीच बाकीची कारणं: इंटरकूलरच्या होजला चीर असली की हवा कमी पडते आणि काजळी वाढते, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला की वाढते, एखादा इंजेक्टर थेंब थेंब गळत असला की वाढते. टर्बोच्या सीलमधून ऑइल जात असेल तर काजळीही वाढते आणि राखही. शिवाय ईजीआरचा, ग्लो प्लगचा किंवा एक्झॉस्ट तापमानाच्या सेन्सरचा कोड पडून असला तर बऱ्याच गाड्या रीजन बंदच ठेवतात. टाकीत डिझेल पाव टाकीपेक्षा कमी असलं तरीही काही गाड्या ते सुरू करत नाहीत. खर्चात बसवायचं म्हणून शंभर-शंभर रुपयांचं डिझेल घालणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

कारण सापडून दुरुस्त झालं की मगच काजळी जाळायची. फक्त पिवळा दिवा असेल आणि पिकअप शाबूत असेल तर हायवे पुरतो. तुमच्यासाठी रविवारी सकाळी एक्स्प्रेसवेने लोणावळ्यापर्यंत जाऊन परत फिरणं उत्तम. पुढे घाट उतरू नका, कारण उतारावर इंजिनला भार नसतो, इंजिनला जाणारं डिझेल बंद होतं आणि फिल्टर थंड पडतो. साताऱ्याच्या बाजूला गेलात तर खंबाटकीचा चढ चांगला कामी येतो. गती ८० च्या आसपास, पण गिअर एक खालचा ठेवा म्हणजे आरपीएम २,२०० ते २,५०० राहील. अर्धा तास न थांबता. रीजन चालू असल्याच्या खुणा ओळखायला शिका: थांबल्यावर आयडल आरपीएम जरा वर, स्टार्ट-स्टॉप बंद, तात्कालिक मायलेज एकदम खाली, आणि गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा फॅन घोंघावत राहतो. या खुणा दिसल्या तर घराच्या दारातून परत वळा, आणखी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणा. त्याचं डिझेल फार तर शे-सव्वाशेचं.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. रीजन चालू असताना किंवा नुकतं झाल्यावर गाडी वाळलेल्या गवतावर, कडब्यावर, खळ्यावर उभी करू नका. गाडीच्या पोटाखाली त्या वेळी काय तापलेलं असतं ते वरून कळत नाही.

तुमची गाडी लिंप मोडला गेली आहे, म्हणजे इंजिन वाचवायला ईसीयूने तिची ताकद कमी केली आहे, त्यामुळे आता नुसत्या हायवेने भागणार नाही. इथे स्कॅनरवरून फोर्स रीजन लागेल, खर्च दीड ते चार हजार. पण काजळीचा आकडा बघूनच. दर गाडीच्या तक्त्यात एक वरची मर्यादा दिलेली असते, तिच्या वर फोर्स रीजन करायचं नाही. २०२१ मध्ये मी स्वतः ही चूक केली आहे. गाडी पुण्याबाहेरची होती, मालकाला संध्याकाळी निघायचं होतं, काजळी मर्यादेच्या बरीच वर होती. मला वाटलं, होऊन जाईल. एवढी काजळी एकदम पेटली की आतलं तापमान हाताबाहेर जातं. फिल्टर उतरवला तेव्हा जाळीच्या मधोमध लिंबाएवढा भाग वितळून गोळा झाला होता. तो नवा फिल्टर मी माझ्या पैशाने घातला, आणि त्या दिवसापासून आकडा वहीत लिहिल्याशिवाय आमच्याकडे कोणीही फोर्स रीजनला हात लावत नाही.

काजळी मर्यादेच्या वर असेल किंवा राख भरली असेल तर फिल्टर उतरवून साफ करायचा. तुम्ही विचारता ती स्वस्त वाट खरी हीच आहे. आमच्या भागात उतरवणं, धुणं, बसवणं मिळून बारा ते बावीस हजार पडतात. पैशाचा फरक मजुरीत असतो. छोट्या बीएस-६ इंजिनांत फिल्टर टर्बोला अगदी चिकटून, कॅटसकट एकाच डब्यात असतो आणि काढायला अर्धा दिवस जातो. तापमानाचे सेन्सर गंजून बसलेले असतात. ते आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून, दुसऱ्या दिवशी हलके हलके सोडवायचे. घाईत एक तुटला की चार-पाच हजार वाढले. गॅस्केट आणि क्लॅम्प नवेच घ्या, तिथे वाचवू नका. तिथून जरा जरी गळलं तर सेन्सरचे आकडे चुकतात आणि केबिनमध्ये धूर येतो.

साफ करायच्या दोन धड पद्धती आहेत. एकात फिल्टर भट्टीत सावकाश तापवून काजळी जाळतात आणि मग उलट्या बाजूने कोरड्या हवेच्या झोताने राख काढतात. दुसऱ्यात मशीनवर कोमट पाणी आणि त्यासाठीचं द्रावण उलट्या दिशेने फिरवतात आणि शेवटी गरम हवेने वाळवतात. दोन्ही चालतात. चालत नाही ते म्हणजे गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाचा फवारा आणि ॲसिड. कॅटचा थर म्हणजे प्लॅटिनम-पॅलेडियमचा मुलामा, तो त्याने निघून जातो. दिसायला फिल्टर नवा दिसतो, काजळी मात्र जळायची थांबते. काही गाड्यांत नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा थर त्याच जाळीवर असतो, तिथे कोणतं द्रावण चालतं ते आधी विचारून घ्या.

धुणाऱ्याकडून धुण्याआधीचं आणि वाळवल्यानंतरचं वजन, आणि दोन्ही वेळचा दाब, हे लिहून मागा. जो देत नाही त्याच्याकडे फिल्टर ठेवू नका. नाशिक-मुंबई फिरणाऱ्या एका टॅक्सीचा फिल्टर आम्ही १ लाख ९० हजारांवर उतरवला होता, धुऊन वाळल्यावर तो १४० ग्रॅम हलका झाला. निघालेली राख मी कागदावर ओतून मालकाला दाखवली. कपाळाला लावायच्या भस्मासारखी, मऊ, फिकट करडी. त्यांनी ती चिमटीत धरून बघितली आणि विचारलं, ही डिझेलची? म्हटलं, नाही, तुमच्या ऑइलची.

ते ऑइलचं गणित तुम्हीही करा. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं, त्यात सल्फेटेड ॲश, म्हणजे ऑइल जळल्यावर उरणारी राख, ०.८ टक्क्यांच्या आत असते. आपल्याकडे कितीतरी गॅरेजांत पिंपातून ट्रकचं सीआय-४ ऑइल ओततात. त्या ग्रेडला राखेची मर्यादाच नाही, सव्वा-दीड टक्का सहज असते. इंजिन पाच हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल खातं असं धरा. लाख किलोमीटरला वीस लिटर, म्हणजे सतरा किलो. ०.८ टक्क्याने १३६ ग्रॅम राख झाली, १.३ टक्क्याने २२१ ग्रॅम. सगळीच फिल्टरमध्ये बसते असं नाही, पण प्रमाण कळतं. लिटरमागे दीडशे-दोनशे रुपये वाचवून फिल्टरचं आयुष्य तिसऱ्या हिश्श्याने कमी होतं. तुमचं ऑइल कुठे बदललं, कोणतं घातलं, त्याची बिलं काढून बघा. आणि शहरातल्या तुमच्या वापराला पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या आधी, सात-साडेसात हजारांवरच ऑइल बदला.

डिझेलमध्ये टाकायच्या बाटल्यांबद्दल लोक नेहमी विचारतात. त्यातली चांगली द्रव्यं काजळी थोड्या कमी तापमानाला पेटायला मदत करतात. शहरातल्या गाडीला दोन-तीन महिन्यांतून एकदा टाकायला हरकत नाही. राखेवर त्यांचा काडीचा उपयोग नाही, आणि लिंप मोडमधली गाडी कुठल्याही बाटलीने उठत नाही.

आता नवा फिल्टर खरंच लागला तर. आधी वॉरंटीचं पुस्तक आणि वाढीव वॉरंटीचे कागद काढा, फिल्टरबद्दलची अट नीट वाचा आणि लेखी उत्तर मागा. तोंडी नकार घेऊन परत फिरू नका. वॉरंटीत बसलं नाही तर बाजारातला दुसरा फिल्टर मिळतो, मूळच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहून कमी. घेताना दोन प्रश्न विचारा: जाळी सिलिकॉन कार्बाइडची की कॉर्डिएराइटची, आणि मुलामा आहे का. कॉर्डिएराइट स्वस्त पडतं पण फार तापलं तर लवकर वितळतं, म्हणजे अर्धवट रीजनच्या शहरी गाडीला ते धोक्याचं. मुलामा नसलेला फिल्टर फुकट मिळाला तरी नको. भंगारातला घेणार असाल, कुर्ल्याला अपघातातल्या गाड्यांचे मिळतात, तर डब्यावर नव्याने मारलेल्या वेल्डिंगची रेघ शोधा. ती दिसली तर आतली जाळी प्लॅटिनमसाठी कोणीतरी आधीच काढून विकली आहे. टॉर्च लावून दोन्ही टोकांनी बघा, सगळी भोकं एकसारखी दिसायला हवीत. आणि तुमचा जुना फिल्टर परत मागा. त्याला भंगारातही चांगले पैसे येतात, तो गॅरेजवाल्याला फुकट सोडून येऊ नका.

फिल्टर धुतला किंवा नवा घातला की ईसीयूमधली राखेची नोंद स्कॅनरवरून बदलावी लागते. नाहीतर ईसीयू जुन्याच हिशेबाने चालतो. उलट, काहीही न धुता फक्त ही नोंद शून्य करून दिवा घालवणारे आहेत. दिवा महिनाभर जातो आणि खरी राख तशीच राहिल्याने फिल्टर आतून जळतो. त्यापायी चार हजार दिलेली माणसं मी बघितली आहेत.

राहिला जाळी काढून टाकायचा सल्ला. मी हे काम करत नाही आणि तुम्हीही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही. कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स रद्दबातल. वॉरंटी तर गेलीच. विकताना जाणकार गिऱ्हाईक स्कॅनर लावतं आणि किंमत पाडतं. शिवाय मूळ आजार, गळका इंजेक्टर किंवा अडकलेला ईजीआर, तसाच राहतो, फक्त त्याची खबर देणारा गेलेला असतो.

पण माझं कारण त्याहून साधं आहे. माझे वडील डिझेल पंपाच्या खोलीत तीस वर्षं काम करत होते. रात्री घरी आल्यावर नाक शिंकरलं की रुमालावर काळा डाग पडायचा, आई तो रुमाल वेगळा धुवायची. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग करणारा म्हणून पहिल्या गटात टाकला. सायलेन्सरचं टोक शाळेबाहेर उभ्या असलेल्या पोराच्या नाकापासून किती अंतरावर असतं, ते एकदा बघा. पंचवीस हजारांत तो धूर मोकळा करून देणं माझ्या हातून व्हायचं नाही.

आणि एक प्रामाणिक गोष्ट. तुमचं रोजचं येणं-जाणं हेच राहणार असेल, आठवड्यातून एकदाही गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर जाणार नसेल, तर हा त्रास दुरुस्तीनंतरही अधूनमधून डोकं वर काढेल. मग पुढची गाडी पेट्रोलची घ्या. ही ठेवायची असेल तर आठवड्याला ती एक फेरी पाळा. पावसाळ्यात लोणावळ्याला गर्दी असते, तेव्हा पहाटे सहाला निघून खंबाटकीकडे जा.

उद्या ऑइलची काडी बघा, सायलेन्सरमध्ये बोट घाला आणि लाइव्ह डेटा दाखवणाऱ्याकडे स्कॅनर लावून घ्या. पाच आकडे मला लिहून कळवा: काजळी किती ग्रॅम, राख किती ग्रॅम, शेवटचं पूर्ण रीजन किती किलोमीटरपूर्वी झालं, चावी ऑन आणि इंजिन बंद असताना फिल्टरचा दाब किती, आणि वीस मिनिटं चालवल्यावर कूलंट किती अंशांवर. काडीचा फोटोही पाठवा. मग नळी बदलायची, थर्मोस्टॅट की फिल्टर उतरवायचा, ते नेमकं सांगतो. तोवर नव्या फिल्टरचा ॲडव्हान्स भरू नका.